तक्रार पत्र : छापील चार पोर्ट आणि प्रत्यक्षातला एक

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : १७ जानेवारी २०२५
स्थळ : इंदिरानगर, नाशिक

विषय : ५५ इंची टीव्हीच्या खोक्यावर छापलेल्या चार एचडीएमआय २.१ पोर्टांपैकी एकच पोर्ट त्या क्षमतेचा निघाल्याबाबत आणि संच बदलून मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी आपल्या कंपनीचा ५५ इंची फोर-के टीव्ही खरेदी केला. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. चित्राच्या दर्जाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रंग उत्तम आहेत आणि पडद्यावर डाग नाही. तक्रार आहे ती टीव्हीच्या पाठीमागच्या जोडण्यांबद्दल, आणि हा संच मी निवडला होता तो मुख्यतः त्या जोडण्यांसाठीच.

आमच्या घरी टीव्हीला जोडायच्या वस्तू पाच आहेत. आई पाहते तो डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, मुलाचा गेमिंग कन्सोल, एक स्ट्रीमिंग बॉक्स, साउंडबार आणि माझ्या दिवंगत वडिलांचा व्हीसीआर. जुन्या टीव्हीला दोनच एचडीएमआय पोर्ट, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीची भोके, असल्यामुळे दर वेळी भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत हात घालून, चाचपडत, एक केबल उपसायची आणि दुसरी लावायची असे आम्ही काही वर्षे काढले. शेवटी त्यातला एक पोर्ट सैल होऊन केबलला धक्का लागला की चित्र जाऊ लागले. म्हणून नवा टीव्ही घेताना या पाचही वस्तूंची यादी मी कागदावर लिहून नेली होती. विक्रेत्याने ती वाचली आणि खोक्यावरच्या ओळीवर बोट ठेवले. ती ओळ अशी आहे : ‘४ एचडीएमआय २.१ पोर्ट, फोर-के १२० हर्ट्झ, ई-आर्क, एव्ही इनपुट’. यातले १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० चित्रे आणि ई-आर्क म्हणजे टीव्हीचा पूर्ण आवाज एचडीएमआय केबलमधून साउंडबारकडे पाठवण्याची सोय. या ओळीचे छायाचित्र सोबत आहे. त्या ओळीत किंवा खोक्याच्या इतर कोणत्याही बाजूवर ही क्षमता कोणत्या पोर्टला आहे आणि कोणत्या पोर्टला नाही, याचा उल्लेख नाही.

घरी आणल्यावर पोर्ट क्रमांक १ ला सेट-टॉप बॉक्स, २ ला कन्सोल, ३ ला साउंडबार आणि ४ ला स्ट्रीमिंग बॉक्स अशी जोडणी केली. कन्सोलच्या सेटिंगमध्ये १२० हर्ट्झचा पर्याय फिकट दिसत होता आणि तो निवडता येत नव्हता. आपल्या मदत क्रमांकावर सांगितल्याप्रमाणे टीव्हीच्या मेनूमध्ये आत दडलेले वाढीव सिग्नलचे सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगवेगळे चालू केले. तरीही फरक पडला नाही. त्यानंतर आलेल्या आपल्या अभियंत्याने दोष केबलचा असल्याचे सांगितले. मी १,४०० रुपये खर्चून अल्ट्रा हाय स्पीड प्रतीची, पाकिटावर स्कॅन करून पडताळता येणारे लेबल असलेली केबल आणली. परिणाम तोच. शेवटी मी साउंडबारची केबल काढून कन्सोल ३ क्रमांकाच्या पोर्टला लावून पाहिला, आणि तो फिकट पर्याय तत्काळ उजळला. पुढे हाच प्रयोग १, २ आणि ४ या पोर्टांवर दोन-दोनदा केला. १२० हर्ट्झ फक्त ३ वर मिळते. बाकीचे तीनही पोर्ट ६० हर्ट्झच्या पुढे जात नाहीत.

या फरकाचे कारण साधे आहे आणि ते आपल्या तंत्रविभागाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. असे चित्र पूर्ण रंगांसह सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआयच्या जुन्या २.० प्रकारातली सेकंदाला १८ गिगाबिटची वाट जेमतेम पुरते. तेच चित्र १२० वेळा पाठवायचे तर जवळजवळ दुप्पट रुंद वाट लागते आणि त्यासाठीच २.१ मध्ये कमाल ४८ गिगाबिटची तरतूद झाली. मात्र २.१ हे नाव लावलेल्या प्रत्येक पोर्टमध्ये ती पूर्ण तरतूद असलीच पाहिजे असे बंधन नाही. त्यातली बरीचशी वैशिष्ट्ये उत्पादकाने ऐच्छिक म्हणून घ्यायची असतात. आपल्या मदत क्रमांकावरील अधिकाऱ्यांनी मला हेच उत्तर दिले की नाव नियमाला धरूनच आहे. ते मान्य केले तरी नावाच्या शेजारी ‘फोर-के १२० हर्ट्झ’ हेही आपणच छापले आहे आणि त्याच्या आधी ‘४’ हा आकडाही आपणच छापला आहे. दुकानात उभा असलेला ग्राहक ती ओळ चारही पोर्टांना लागू धरूनच वाचणार. तिचा दुसरा अर्थ त्याने कुठून काढावा?

यापेक्षाही मोठी अडचण अशी की जो एकमेव सक्षम पोर्ट आहे, तोच साउंडबारसाठी लागणारा ई-आर्क पोर्टही आहे. म्हणजे दोन वस्तूंना एकच दार. कन्सोल लावला तर साउंडबार बाहेर राहतो आणि साउंडबार लावला तर कन्सोल निम्म्या वेगावर येतो. ही रचना ज्यांनी कागदावर आखली, त्यांना साउंडबार आणि कन्सोल दोन्ही असलेले घर डोळ्यांसमोर आले नसेल असे मला वाटत नाही, कारण आपल्या जाहिरातपत्रकातल्या चित्रात त्या दोन्ही वस्तू एकाच टीव्हीखाली शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत.

आपल्या अभियंत्याने दुसऱ्या भेटीत दोन उपाय सुचवले. मी दोन्ही करून पाहिले.

पहिला उपाय साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडण्याचा. आवाज येतो हे खरे, पण त्या केबलमधून दोन वाहिन्यांचा साधा आवाज किंवा दाबलेला ५.१ आवाज एवढेच जाऊ शकते. ई-आर्कमधून येणारा पूर्ण आवाज तिच्यात मावत नाही आणि तेवढ्यासाठीच तर मी ई-आर्कचा साउंडबार घेतला होता. शिवाय टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त करण्याची आज्ञा एचडीएमआय केबलमधूनच जाते, ऑप्टिकलमधून नाही. त्यामुळे माझ्या ७६ वर्षांच्या आईपुढे आता तीन रिमोट आले आहेत. मी त्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनाने १, २, ३ असे आकडे घातले आहेत. ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर चष्मा चढवून ते आकडे वाचते, तरीही आठवड्यातून दोन-तीनदा आवाज बंद होऊन बसतो आणि कोणी घरी येईपर्यंत ती मुका टीव्ही पाहत राहते. हे मला फार लागते.

दुसरा उपाय बाजारातून एचडीएमआय स्विच आणण्याचा. मी १,८५० रुपयांचा आणला. सेट-टॉप बॉक्स त्यातून व्यवस्थित चालतो. पण स्ट्रीमिंग बॉक्स फोर-के चित्र पाठवण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक उपकरणाकडे एचडीसीपी २.२ हे नक्कलरोधक संरक्षण आहे का, याची खात्री करून घेतो. साखळीतला एक दुवा जुना असला की चित्र कमी दर्जाचे होते किंवा पडदा काळा पडतो. माझ्याकडे दोन्ही प्रकार घडले. महागडा स्विच आणला तरी मूळ प्रश्न तसाच राहील, कारण स्विचच्या पुढे टीव्हीचा तोच ६० हर्ट्झचा पोर्ट आहे.

आणखी एक गोष्ट याच ओघात नोंदवतो. टीव्ही चालू केला की कधी कधी कन्सोल आपोआप जागा होतो आणि आई पाहत असलेल्या वाहिनीऐवजी पडद्यावर खेळाचा मेनू येतो. हे सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याच्या व्यवस्थेमुळे होते. ती व्यवस्था मेनूमधून बंद करावी असे मला सांगण्यात आले. पण आपल्या संचात ती सर्व पोर्टांसाठी एकदमच बंद होते आणि ३ क्रमांकाला लावलेला साउंडबारही त्यासरशी गप्प होतो. प्रत्येक पोर्टसाठी ती वेगळी बंद करण्याची सोय सॉफ्टवेअरमधून देता येण्यासारखी वाटते, तिचा विचार व्हावा.

आता व्हीसीआरविषयी. खोक्यावर ‘एव्ही इनपुट’ लिहिले आहे. प्रत्यक्षात पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोके नसून ३.५ मिलिमीटरचे एकच बारीक भोक आहे आणि त्याला लागणारी जोडवायर खोक्यात नाही. जागा वाचवण्यासाठी भोक एकच ठेवले, हे समजू शकते. परंतु अशा पिनेवर चार कडी असतात आणि कोणत्या कड्यावर चित्र, कोणत्यावर आवाज आणि कोणत्यावर अर्थिंग, हा क्रम सगळ्या वायरींमध्ये सारखा नसतो. मी आणलेल्या पहिल्या वायरीने नुसती घरघर ऐकू आली. दुसऱ्या वायरीने पिवळी पिन पिवळ्या भोकात असताना काहीच दिसेना. वैतागून लाल पिन व्हीसीआरच्या पिवळ्या भोकात घातली, तेव्हा चित्र आले. वायरीतला क्रम आपल्या टीव्हीच्या क्रमाशी जुळत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या माहितीपुस्तिकेत हा क्रम कुठेही दिलेला नाही.

व्हीसीआर आता अडगळीची वस्तू आहे असे फोनवर मला सुचवण्यात आले, म्हणून सांगतो. २००३ च्या सिंहस्थात वडिलांनी रामकुंडावर स्वतः चित्रीकरण केले होते आणि ते व्हीएचएस कॅसेटवर उतरवून ठेवले होते. त्यात एके ठिकाणी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे आणि वडील घाटाच्या पायरीवर उभे राहून आईला हाक मारतात. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे. लाल पिन पिवळ्या भोकात घालून आम्ही ती कॅसेट पाहिली, पण त्या जोडणीत आवाज नीट येत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. खोक्यावर छापलेली क्षमता ज्या संचात खरोखर आहे, निदान ई-आर्कखेरीज आणखी एका पोर्टवर १२० हर्ट्झ मिळते, असा संच मला बदलून द्यावा. तसा संच आपल्याकडे नसेल तर हा परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम द्यावी. आपल्याच अभियंत्याच्या सांगण्यावरून केलेला केबल व स्विचचा ३,२५० रुपयांचा खर्च भरून द्यावा. टीव्हीच्या क्रमाशी जुळणारी जोडवायर विनामूल्य पाठवावी. चारही पोर्टांची क्षमता पोर्टनिहाय लेखी कळवावी. ही माहिती मी तीन वेळा फोनवर मागितली आणि तीनही वेळा ‘उत्पादन प्रमाणित आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे छापल्या जाणाऱ्या खोक्यांवर हीच माहिती चार ओळींच्या तक्त्यात द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण ती खरेदीपूर्वी मिळाली असती तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूची गुणवत्ता, प्रमाण आणि क्षमता यांची माहिती मिळणे हा माझा हक्क आहे आणि महत्त्वाची माहिती दडवणारे वर्णन दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तशी वेळ येऊ नये, असेच मला मनापासून वाटते.

पाहणीसाठी अभियंता पाठवायचा असल्यास सकाळी अकरा ते एक या वेळेत पाठवावा; दुपारी आई झोपलेली असते. या वेळी त्यांच्याकडे १२० हर्ट्झ सिग्नल तपासण्याचे साधन असावे. कन्सोल आणि चारही केबली मी जोडून तयार ठेवीन.

कळावे.

आपला,
तक्रारदार ग्राहक
इंदिरानगर, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र, चारही पोर्टांवर कन्सोल लावून घेतलेली पडद्याची छायाचित्रे, केबल व स्विचच्या पावत्या.