नंद्याला, ज्युलीचं तिकीट मिळाल्याबद्दल

प्रिय नंद्या,

तीन महिने उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत ठीक आहे, गुडघा दुखतो तेवढाच. पण काल तुझा निरोप आला, ‘टोकियोतल्या निशिकासाईच्या आजींनी ज्युलीचं तिकीट दिलंय, जाऊ का?’, आणि लिहिल्यावाचून राहवेना.

जा! पण आपलं 2018चं भांडण आधी मिटवू. 17 ऑक्टोबरला टोकियोजवळच्या साइतामा सुपर अरिनातला कार्यक्रम ज्युलीने, म्हणजे जपानी गायक सावादा केन्जीने, ऐनवेळी रद्द केला. तू म्हणालास माज आहे, शऱ्याने तुझी री ओढली. (ज्युली अँड्र्यूज आवडते म्हणून हा ‘ज्युली’ झाला हे कळेपर्यंत शऱ्या त्याला बाईच समजत होता, त्यामुळे त्याचं मत सोड.) ज्युलीला 9,000 प्रेक्षक सांगितले होते, निघाले 7,000, आणि खुर्च्यांचे काही भाग चक्क बंद करून टाकलेले. दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांसमोर उभा राहिला आणि जबाबदारी माझीच म्हणाला. आलेल्या 7,000 लोकांवर अन्याय झाला हे तुझं म्हणणं मला आता पटतं. माज मात्र नव्हे रे. या माणसाचं सगळं गाणंच शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून रचलेलं. 1977च्या ‘कात्ते नि शियागारे’त टोपी भिरकावणं, ‘सामुराई’साठी स्टुडिओत अंथरलेल्या ताताम्या (जपानी गवती चटया), 1980च्या ‘तोकिओ’त दिवे लावलेला सूट आणि पाठीवर पॅराशूट. त्याला मोकळी रांग दिसली की सूरच बिघडल्यासारखं वाटत असणार. त्याच अरिनात 25 जून 2023ला, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, सुमारे 19,000 लोक आले. त्याच्या जुन्या बँडमधले, टायगर्समधले किशिबे, मोरिमोतो, हितोमीही सोबत होते.

माझी काळजी वेगळीच आहे. तू ‘तोकिओ’ची वाट बघत बसशील, ते येणार नाही, आणि मध्यंतरातच मला चिडून फोन करशील. नेहमीच्या दौऱ्यांत तो गाजलेली गाणी मोजकीच घेतो, भर असतो तो नंतरच्या गाण्यांवर. 2011च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर 2012पासून दर 11 मार्चच्या, म्हणजे भूकंपाच्या तारखेच्या, सुमारास त्याने नवी सीडी काढली, त्यांतली बरीच गाणी त्या आपत्तीवर आणि अणुऊर्जेवर. ती आधी दोन-तीनदा ऐकून जा, शब्द समोर ठेवून. तुझं जपानी अजून लोकलच्या घोषणांपुरतंच आहे. नुसत्या चालीवर ती पहिल्या खेपेला हाताला लागत नाहीत. साठीत त्याने डोम स्टेडियममध्ये सहा तासांहून जास्त वेळ 80 गाणी म्हटली होती, तर सत्तरीच्या दौऱ्यात साथीला एकटा शिबायामाचा गिटार. ढोल नाही, बेस नाही, म्हणजे श्वास चुकला तर झाकायला काहीच नाही. अशा वेळी आवाज कुठे थकतो आणि तो ओळ कुठे तोडतो ते कान देऊन ऐक.

आणि त्याला नुसता गायक समजू नकोस. विनोदवीर शिमुरा केन 2020मध्ये गेल्यावर ‘किनेमा नो कामिसामा’ या सिनेमातली त्याची भूमिका जुना सोबती म्हणून यानेच केली. दोघांचे टीव्हीवरचे विनोद आजींना पाठ असतील, विचार त्यांना.

घराचं काम उरकलं का? छोटीची शाळा कशी चालू आहे? वहिनींना नमस्कार. कार्यक्रम झाला की त्याच रात्री लिही, शेवटच्या रांगेतून काय दिसलं ते.

तुझा,
अव्या