रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलं की "हो आप्पा, जेवले आप्पा" म्हणतेस आणि विषय संपवतेस. म्हणून लिहायला बसलोय. पत्र मधेच कट करता येत नाही.

तुझ्या रूममेटचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, तिनं चुगली केली नाही. बिचारी घाबरली होती. अभ्यासिकेत चक्कर येऊन पडलीस, पोरींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, हिमोग्लोबिन 8.6 निघालं, हे सगळं तिच्याकडून कळलं. तू आम्हाला काय सांगितलंस? ऊन लागलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत कुठून गं ऊन येतं, ट्यूबलाइटमधून?

मी पिशवी भरून निघालोच होतो. तुझ्या आईनं अडवलं. म्हणाली, तुम्ही तिथं जाऊन डोळे वटारणार आणि पोरगी होतं ते जेवणही सोडणार. तेव्हा मी आलेलो नाही. माझ्याऐवजी पार्सल येतंय.

आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, बाईमाणसाचं 12 तरी पाहिजे, पण देशात निम्म्याहून जास्त बायकांचं तेवढं नसतंच, तुम्ही घाबरू नका. आता हे ऐकून माणूस घाबरणार नाही तर काय करेल? आक्काच्या वेळीसुद्धा सगळे असंच म्हणायचे, अशक्तपणा आहे, होईल बरं. जाऊ दे. आक्काचं काढायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

गोळ्या वेळेवर घे. लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर जास्त लागू पडतात. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर अजिबात नको. जेवणावर लगेच चहा ढोसायची तुझी सवय माझीच आहे, माहीत आहे मला. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, निदान तास-दीड तास मधे जाऊ दे. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नकोस. (हे आईनं फोनवर सांगायचं होतं, ती लाजली.)

आता तुझ्या राज्यसेवा परीक्षेचं बोलायचं नाही असं म्हटलं होतं, पण थोडं बोलतो. तू गेल्या वेळी कागदावर मांडून दाखवलंस ते मी जपून ठेवलंय. एक निबंध, सामान्य अध्ययनाचे चार, भूगोलाचे दोन, प्रत्येक पेपर 250 चा, तीन तासांचा, मिळून 1750. वर मुलाखत 275. भाषेचे दोन पेपर वेगळे, ते नुसते पास व्हायचे. पूर्वी मुख्य परीक्षेतही गोल काळे करायचे असत, आता सगळं हातानं लिहायचं. मी एसटी मंडळात कंडक्टर म्हणून जन्म काढला, पण एवढे आकडे एका वेबिलावर, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, कधी पाहिले नाहीत.

वेबिलावरून सांगतो. तुला ते ठाऊक नसणार, तुला कळायला लागलं तोवर मशीन आलं होतं. पूर्वी तिकीटपेटीत प्रत्येक दराच्या तिकिटांचे वेगळे गठ्ठे असत. कराडहून कोयनानगरला जाताना प्रत्येक स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, प्रत्येक गठ्ठ्याचा चालू नंबर वेबिलावर चढवायचा. गाडीत बाजाराची गर्दी असू दे, कोंबड्या असू देत, कुणी लहान पोराचं वय चोरत असू दे, नंबर चढवल्याशिवाय पुढची बेल नाही. काहीजण म्हणायचे, पाटणला पोचल्यावर बघू. मग पाटणला पैसे कमी यायचे आणि गेले कुठं ते काही केल्या सापडायचं नाही. जो स्टेजला हिशोब मिटवायचा, त्याला एवढं तरी कळायचं की चूक मल्हारपेठ ते नवारस्ता एवढ्याच टप्प्यात आहे. लाइन चेकिंगवाले चढले तरी त्याचं काळीज धडधडायचं नाही.

तुझंही तसंच आहे असं मला वाटतं. दिवसभर वाचून रात्री बाराला "आज काय झालं" म्हणून बघितलं तर काही सापडत नाही. सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी एक उत्तर हातानं लिहायचं. पूर्ण. घड्याळ लावून. दुपारी जेवताना पुस्तक मिटवायचं. जेवण हीसुद्धा एक स्टेज आहे मनू, तिचाही नंबर चढवायला लागतो. रात्री अकराला दिवा बंद. झोप कापून वाढवलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी दुपारी डुलक्यांत जातो. आणि पर्वती चढायला जाऊ नकोस आत्ता, अंगात रक्त नाही. सारसबागेत एक चक्कर मार फार तर.

बघ, लागलो भाषण द्यायला. आई आतून म्हणतेय, पत्र लिहिताय का जीआर काढताय. माफ कर.

पण एक राहिलंच. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं तुला लहानपणी सांगायचो, त्यातलं तू फक्त पदक लक्षात ठेवलंस. 1952, हेलसिंकी, कांस्य. त्याच्या आधीचं 1948 चं लंडन कुणी आठवत नाही. तिथं ते सहावे आले. मातीत खेळलेला माणूस, मॅटची सवय नाही. मधल्या चार वर्षांत या माणसानं काय केलं असेल? तालमीत रोज मेहनत, आणि मेहनतीइतकाच खुराक. कुठल्याही वस्तादाला विचार, जो पैलवान जोर-बैठका मारतो आणि खुराक चुकवतो त्याला तो आखाड्यात उतरू देणार नाही. जेवायला वेळ नाही म्हणणारा पैलवान मी तरी पाहिलेला नाही. हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. आपल्याला घर गहाण टाकायची पाळी आलेली नाही, तेव्हा मेसचे पैसे वाचवायला एकाच वेळचा डबा लावायचं काही कारण नाही. हो, तेही कळलंय मला.

दोन वेळचा लाव. पैसे पाठवलेत.

आता पार्सलचं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि त्या रात्री तुम्ही तिघी वडापाव नाहीतर बिस्किटं खाता, हे तूच हसत सांगितलं होतंस. कॉट बेसिसवर राहायचं म्हणजे खोलीत स्वयंपाक चालत नाही, म्हणून मी तुमच्या घरमालकीण काकूंशी बोललोय. फक्त रविवारी, इंडक्शनवर, मासे-मटण नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. त्या चांगल्या आहेत. त्यांनीही मला विचारलं, मुलगी जेवत नाही का?

आजीची कढई पाठवणार होतो, पण तिचा बूड गोल, ती इंडक्शनवर तापणार नाही. म्हणून बाजारातून बसक्या बुडाची लोखंडी आणली आणि तेल चोळून चांगली मुरवून दिलीय. लोखंडात शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं, आणि टोमॅटो-लिंबासारखं आंबट असलं की जास्तच. पण रात्रभर त्यातच ठेवायचं नाही, जेवण झालं की काढून, धुऊन, कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं.

पहिल्या रविवारी अख्खा मसूर कर. आपल्या कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांवर लोक गाड्या थांबवून खातात ती गोष्ट, आणि करायला काही अवघड नाही. वाटीभर मसूर तासभर भिजव, छोट्या कुकरला तीन शिट्ट्या. कांदे दोन, बारीक चिरून, तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. इथं घाई केलीस तर सगळं गेलं. ढाब्याची चव या कांद्यात असते, मसाल्यात नसते. मग आलं-लसूण, दोन टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. आईचा कांदा-लसूण मसाला दीड चमचा, तुझ्या मैत्रिणी विदर्भातल्या असतील तर दोन. हळद, मीठ. मसूर त्याच्या पाण्यासकट ओत आणि चांगला उकळू दे. पळीच्या पाठीनं थोडे दाणे चेपले की रस्सा अंगाशी येतो. बाकीचा दाणा मऊ झाला पाहिजे पण विरघळता कामा नये. उतरवताना लोण्याचा गोळा, कोथिंबीर, आणि पानात लिंबाची फोड. ती पिळायचीच, शोभेला नाही. भाकरी जमणार नाही तुला, चपात्या बाहेरून आण. काकूंना वाटीभर नेऊन दे, पुढच्या महिन्यात बुधवारचीही परवानगी मिळेल.

पिठलं तर तुला येतंच. की विसरलीस? मी ते तुझ्या आजीकडून शिकलो नाही, ड्रायव्हरकाकांकडून शिकलो. कोयनेच्या वरच्या अंगाला आमची मुक्कामी गाडी असायची. पावसाळ्यात तिथं कोसळतो तो पाऊस तुला सांगून कळणार नाही. एरवी गावातलं कुणीतरी ताट आणून द्यायचं, पण एका रात्री ओढ्याला पाणी चढलं आणि वाडी पलीकडेच राहिली. गाडीत आम्ही दोघं. काकांनी सीटखालून स्टोव्ह काढला, डब्यात बेसन होतं, लसूण होता, मिरच्या होत्या. पातेल्यात एवढा लसूण ठेचून टाकला की खिडक्या बंद असून गाडीभर वास. पीठ आधी पाण्यात कालवायचं, मग उकळीत सोडायचं, हात थांबवायचा नाही. खाल्लं आणि काका म्हणाले, कंडक्टर, पहाटे गाडी काढायचीय, पोट भरून झोपा, उपाशी माणसाचा रस्त्यावरचा अंदाज चुकतो. तू तेव्हा वर्षाची नव्हतीस. मी त्या रात्री ठरवलं होतं की हिला असं रात्रीचं कुठंतरी अडकून पडायला लागू नये. आता तूच तालुक्याची गाडी घेऊन असल्या पावसात पंचनामे करायला जायची स्वप्नं बघतेस. जा. पण डबा घेऊन जा.

पूर्व परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी डेपोत पेढे वाटले, हे तुला दाद्यानं सांगितलंच असेल. एकजण म्हणाला, अजून मुख्य आहे, आत्ताच पेढे कशाला? मी म्हटलं, आमच्यात स्टेजला हिशोब मिटवतात.

अधिकाऱ्याची पोस्ट निघाली नाही तरी आमचं काही म्हणणं नाही, असं लिहून खोडलं. खोटं कशाला लिहू? निघावी असं वाटतं. रोज वाटतं. पण तू पडलीस हे ऐकल्यापासून आधी ते 8.6 बारावर जावं एवढंच डोक्यात आहे, बाकी मागाहून. महिन्यानं परत रक्त तपास आणि कागदाचा फोटो पाठव. तोंडी आकडा नको. तुझ्या तोंडी आकड्यांवर माझा सध्या विश्वास नाही.

आईनं हळिवाचे लाडू केलेत, रोज एक. वाटून खाऊ नकोस. बरं, वाट, पण तुझा एक ठेवून वाट.

तुझे,
आप्पा

ता. क. पार्सल स्वारगेटला येईल, पावतीचा फोटो दाद्या पाठवतोय. ओळखपत्र ने. ओझं जड आहे, एकटी जाऊ नकोस, रिक्षा कर, आणि उपाशी पोटी निघू नकोस.