संध्याकाळी सहानंतर मैदाने बंद का?

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे असल्याने सत्कार भरपूर झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु असे खेळाडू ज्या मंडळांच्या संध्याकाळच्या सरावातून पुढे येतात, त्या मंडळांना आज पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

आमचे छोटे मंडळ अनेक वर्षे एका शाळेच्या मैदानावर सराव घेत असे. गेल्या जूनपासून मालमत्तेच्या सुरक्षिततेचे कारण देऊन फाटक सहा वाजता बंद होऊ लागले. आता आम्ही एका मोकळ्या प्लॉटवर खांब रोवतो. तिथे खडी असल्याने सूर मारून गडी टिपणे मुलांनी सोडून दिले आहे आणि दिवा नसल्यामुळे निम्म्या मुली येईनाशा झाल्या आहेत. पालकांना त्यासाठी दोष देता येत नाही.

शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण किंवा दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मोजक्याच खेळाडूंच्या वाट्याला येतात. बाकीच्यांना काय मिळते, ते मी रोज पाहतो. दोन खांबांमधल्या रांगेत बसलेल्या मुलाला पाठीमागून खो मिळताच, वळून न पाहता, क्षणात उठून धावावे लागते. एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही. आमच्याकडे आठवीत असताना आलेला एक मुलगा महिनाभर कोणाशी बोलला नव्हता. आज तोच सर्वांच्या आधी येऊन पाणी मारतो, फक्कीने रेषा आखतो आणि लहानांच्या चुका न ओरडता सुधारतो. हे त्याला कोणी भाषण देऊन शिकवलेले नाही.

खो-खोच्या मैदानाला जेमतेम २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा लागते. शिक्षण विभाग आणि स्थानिक प्रशासनाने नोंदणीकृत मंडळांना संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत शाळांची मैदाने नाममात्र शुल्कात देण्याचा लेखी नियम करावा, तसेच दिव्यांची आणि पहारेकऱ्याच्या मानधनाची तरतूद करावी, ही विनंती. मैदानाची निगा आणि फुटलेल्या काचेची भरपाई ही मंडळाची जबाबदारी राहील. फाटकाची किल्ली कोणाकडे असेल, त्याचे नावही आम्ही लिहून द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक माजी खो-खोपटू, मिरज