जुन्या फोर बाय फोर ट्रकचा हौदा आणि चासीचा पीळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैन्याच्या लिलावातून बाहेर पडलेले निसान वन टन किंवा शक्तिमानसारखे जुने फोर बाय फोर ट्रक घ्यायचे, त्यांचा सडलेला मूळ हौदा उतरवायचा आणि त्या जागी पडत्या फाळक्यांचा सपाट हौदा बांधून घ्यायचा, ही हौस (डोंगरी भागातल्या काही शेतकऱ्यांची तर गरजच) अलीकडे बरीच दिसते. टायर, दिवे आणि रंग यांवर मालक खूप विचार करतात. हौदा चासीवर कसा बसवायचा हा खरा प्रश्न मात्र वेल्डरच्या मर्जीवर सोडला जातो. फॅब्रिकेशनच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून त्याविषयी लिहितो आहे.

या गाड्यांची उघड्या चॅनेलची (इंग्रजी सी अक्षरासारख्या आकाराच्या पट्ट्यांची) चासी ताठ राहण्यासाठी बनवलेलीच नसते. ओढ्यात एक चाक दगडावर चढले आणि तिरप्या कोनातले दुसरे खड्ड्यात उतरले, की चासी पीळ खाते, आणि म्हणूनच चारही चाके जमिनीला धरून राहतात. त्यावर चौकोनी पाइपांचा ताठ हौदा चारही कोपऱ्यांत घट्ट वेल्ड केला, की पिळाला वाट उरत नाही. मग कधी हौद्याचे सांधे उकलतात, तर कधी केबिनच्या लगेच मागे, जिथे ताठपणा अचानक बदलतो तिथे, चासीलाच तडा जातो. हौदा स्वतंत्र सबफ्रेमवर (चासी आणि हौदा यांच्यामधल्या वेगळ्या सांगाड्यावर) उभारावा, मागची पकड पक्की आणि पुढची स्प्रिंगवर ठेवावी, म्हणजे चासी वळली तरी पुढचा भाग किंचित उचलून पुन्हा बसतो. जर्मन उनिमोगसारख्या गाड्यांत हौद्याला तीन बिंदूंवर झुलता आधार देतात, तो याच कारणाने. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू नये, भोकही पाडू नये. भोक पाडणे अटळच असेल तर ते उभ्या भागात पाडावे.

वजनाचे गणितही कोणी मांडत नाही. २.४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्याला ३ ऐवजी ५ मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) घातली, तर एकट्या पत्र्यातच सुमारे ६५ किलो वाढतात, तेही गाडीच्या उंच भागात, आणि तेवढाच माल कमी भरावा लागतो. मागच्या आसाच्या मागे बाहेर निघणारा भाग चाकांच्या दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत नियमात बसतो, हे खरे. पण तेवढी शेपूट घेऊन ओढ्याचा काठ चढू गेल्यास ती जमिनीला घासणार, हे नियमपुस्तकात लिहिलेले नसते.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. म्हणून लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन, काय चालेल ते लेखी विचारून घ्यावे. गाडी बांधून झाल्यावर पासिंगसाठी ओळख शोधत फिरण्याची आपली रीत महागात पडते.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे, परंतु तालुक्याच्या गावातल्या बॉडी बांधणाऱ्या कारागिराच्या हाती ते पडत नाही आणि पडले तरी त्याला ते वाचता येणार नाही. त्यातला हौद्याच्या जोडणीचा भाग आकृत्यांसह सोप्या मराठीत छापून प्रत्येक आरटीओत ठेवावा. तसेच, आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीची योग्यता तपासणी दरवर्षी होतेच; त्या वेळी निरीक्षकाने हातात टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून हौदा चासीला आवळणारे यू बोल्ट आणि चासीवरचे वेल्ड पाहिल्याची नोंद अर्जावर करणे सक्तीचे करावे.

आपला,
एक निवृत्त फॅब्रिकेटर, जि. सातारा