अनोळखी हितचिंतकांचे आभार
दोन्ही गुडघ्यांच्या सांधेरोपणानंतर जखम लवकर भरते; सूज आणि व्रणाच्या बाहेरच्या अंगाची बधिरता मात्र कित्येक महिने रेंगाळते, आणि पुरते बळ येण्यास वर्षही लागू शकते. या काळात, भार टाकायला एकही धड पाय नसताना, गुडघा ९० अंशांपुढे वाकावा म्हणून माझी कुरकुर सोसत व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंची, सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर लिफ्टचे दार धरून ठेवणाऱ्या तरुणांची आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात सुजेवर लावायला न मागता बर्फ पाठवणाऱ्या शेजाऱ्यांची मी मनःपूर्वक ऋणी आहे. अंबाझरी उद्यानात पहाटे माझ्या चालीने (तीही काही सोसण्याजोगी नव्हती!) सोबत करणाऱ्या, नावही न सांगितलेल्या काकूंना हे आभार कोणी वाचून दाखवावेत, ही विनंती.