वेळ कुणी घेतला, गुण कुणाला मिळाला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आशियाई अजिंक्यपद बॅडमिंटनचा विषय निघाला की आपल्या क्रीडा पानाला २०२२ चे मनिला आठवते. आठवू द्या. पण तिथल्या उपांत्य सामन्यात जपानच्या अकाने यामागुचीविरुद्ध सिंधूने सर्व्हिससाठी नेमून दिलेले सेकंद ओलांडले आणि म्हणून तिचा एक गुण कापण्यात आला, असे काल छापून आले आहे. एका ओळीत दोन चुका, आणि पुढचा अख्खा मजकूर त्या ओळीवर उभा!

आधी सोपी चूक घेऊ. बॅडमिंटनमध्ये गुण कापत नाहीत. फॉल्ट, म्हणजे नियमभंग, दिला की गुण समोरच्याला मिळतो. दुसऱ्या गेममध्ये सिंधू १४-११ अशी पुढे होती आणि सर्व्हिस तिचीच होती. फॉल्टनंतर १४-१२ झाले. चौदाचे तेरा झाले नाहीत. सर्व्हिस यामागुचीकडे गेली, आणि बारा हा सम आकडा, म्हणून ती उजव्या बाजूने करायची. पहिली-दुसरी स्पर्धा खेळणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते.

आता सेकंदांची गोष्ट. नियमात विश्रांतीचे सेकंद दोनच ठिकाणी मोजलेले आहेत. आघाडीवरचा खेळाडू अकरावर पोचला की जास्तीत जास्त ६० सेकंद, आणि दोन गेमच्या मध्ये १२०. तिथे पंचांच्या हातात घड्याळ असते. वीस सेकंद उरले की ते कोर्टाचा क्रमांक घेऊन 'ट्वेंटी सेकंड्स' असे दोनदा पुकारतात. दोन रॅलींच्या मध्ये मात्र त्या वेळी सेकंदांचा कोणताही आकडा नियमात नव्हता. मग सिंधूने ओलांडले काय? तिथे शब्द होता 'अवाजवी विलंब', आणि अवाजवी म्हणजे किती हे खुर्चीवर बसलेल्या पंचांनी ठरवायचे.

त्या शब्दाला एक अट जोडलेली आहे, आणि सगळे भांडण त्या अटीचे होते. सर्व्हर (सर्व्हिस करणारा) आणि रिसीव्हर (ती घेणारा) दोघेही तयार झाल्यानंतर सर्व्हिसला उशीर केला तर तो फॉल्ट. दोघेही. समोरची घाम पुसते आहे, डावा हात वर धरून थांब म्हणते आहे किंवा अजून जागेवरच आलेली नाही, तोवर सर्व्हिसच्या विलंबाचा हिशेब सुरूच होत नाही. यामागुची तयार नव्हती म्हणून आपण थांबलो, हेच सिंधूचे म्हणणे होते. आपल्या लेखात ते एका शब्दानेही आलेले नाही.

सर्व्हरने अशा वेळी करायचे तरी काय? रिसीव्हर तयार नसताना सर्व्हिस मारली आणि तिने ती घ्यायचा प्रयत्नच केला नाही, तर 'लेट'. रॅली पुन्हा. तिने नुसती रॅकेट घातली तरी ती तयार होती असे धरतात. आणि थांबून राहिले तर विलंबाची टांगती तलवार. इकडे आड, तिकडे विहीर. यातून सोडवणारा माणूस एकच, तो म्हणजे पंच. सर्व्हिस जज समोर खाली बसलेला असतो. त्याचे डोळे सर्व्हरच्या पायांवर, रॅकेटवर आणि शटल १.१५ मीटरच्या खाली मारले जाते की नाही यावर. रिसीव्हर काय करते आहे हे पाहणे त्याचे काम नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात त्या नेटच्या टोकाशी उंच खुर्चीवर बसलेल्याला. त्याची नजर सर्व्हरवरच खिळून राहिली तर समोरच्या बाजूचा वेळही सर्व्हरच्या खात्यावर मांडला जातो.

आणखी एक बाब, जी वार्ताहराने विचारायलाच हवी होती. विलंबासाठी गुण देण्याच्या वाटा दोन आहेत. एक, वर सांगितलेला सर्व्हिसचा फॉल्ट. त्याला कार्ड लागत नाही. दुसरी, खेळ सलग चालू ठेवण्याचा नियम. दम खायला किंवा सल्ला घ्यायला मुद्दाम वेळ काढला, न विचारता टॉवेलकडे गेले, कोर्ट सोडले की तो लागू होतो. तिथे आधी पिवळे कार्ड, म्हणजे ताकीद. ताकीद मिळूनही पुन्हा तसेच केले तर लाल कार्ड आणि समोरच्याला गुण. काळे कार्ड रेफरीच्या, म्हणजे पंचांच्याही वरच्या अधिकाऱ्याच्या, हातात, ते सामन्यातून बाद करण्यासाठी. कोणते कलम लावले हे न सांगता नुसता 'वेळकाढूपणा' लिहिणे म्हणजे क्रिकेटच्या बातमीत फलंदाज 'गेला' एवढेच लिहिण्यासारखे. झेल, पायचीत की धावबाद?

रेफरीने हस्तक्षेप का केला नाही, असा भावनिक सवालही आपण केला आहे. रेफरी कोर्टवर आले होते, सिंधूने त्यांच्याकडे दाद मागितली होती, निदान रिप्ले तरी बघायला हवा होता असे ती नंतर म्हणाली. पण नियम काय म्हणतो ते पाहा. घडलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे वस्तुस्थितीबद्दल, ज्या अधिकाऱ्याची ती जबाबदारी त्याचा निर्णय अंतिम. रेफरीकडे जाते ते फक्त नियमाच्या अर्थाबद्दलचे भांडण. 'दोघी तयार नसताना विलंबाचा फॉल्ट देता येतो का?' हा अर्थाचा प्रश्न झाला. 'यामागुची तयार होती की नव्हती?' हा वस्तुस्थितीचा. पंच म्हणाले 'होती', की रेफरीचे हात बांधले गेले. रिप्लेची मागणी रास्त वाटते, पण खेळाडूंना मिळणारे व्हिडिओ चॅलेंज शटल आत पडले की बाहेर एवढ्यापुरतेच असते.

शिवाय दाद मागायची ती पुढची सर्व्हिस होण्याआधी. ती झाली की १४-१२ कायमचे. म्हणूनच पुढे आशियाई बॅडमिंटन महासंघाच्या तांत्रिक समितीच्या अध्यक्षांनी सिंधूला पत्र लिहून मानवी चूक झाल्याचे मान्य केले, दिलगिरी व्यक्त केली, तरी निकालाच्या केसालाही धक्का लागला नाही. आपल्या लेखकाने या पत्रावरून पंचांच्या हेतूवरच बोट ठेवले आहे. चूक आणि हेतू या दोन वेगळ्या गोष्टी. पत्रात चूक कबूल आहे, हेतूचा पुरावा कुठे आहे?

'त्या एका गुणाने सामना गेला' हेही जरा जपून. सिंधूने पहिला गेम २१-१३ असा घेतला होता. १४-१२ नंतर यामागुचीने नऊ गुण मिळवले, सिंधूने पाच. गेम २१-१९ असा गेला. तिसरा २१-१६. लय मोडली हे खरेच, मोडणारच. पण तिसऱ्या गेममध्ये दोघी पुन्हा शून्यापासून खेळल्या. आणि यामागुची तरी कुठे जिंकली? अंतिम सामन्यात ती चीनच्या वांग झीयीकडून हरली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की जिल्हा आणि राज्य स्पर्धांना जाणारी मुले आपले पान वाचतात, आणि त्यांनी उचलावे ते नेमके लेखात नाही. रिसीव्हरचा हात वर असेल तर सर्व्हरने शटल हातात धरून स्वस्थ उभे राहावे. उगाच शटलची पिसे सारखी करत बसू नये, तेच विलंब म्हणून दिसते. लगेच पंचांकडे बघून समोर बोट दाखवावे, म्हणजे पंचांची नजर तिकडे जाते. टॉवेल, पाणी, शटल बदलणे, कोर्ट पुसून घेणे, सगळे विचारून. फॉल्ट मिळालाच तर शटल समोर देण्याआधी शांतपणे एकच विचारावे, 'कशाबद्दल?' उत्तर नियमाला धरून वाटले नाही तर तिथेच रेफरीला बोलवायची विनंती करावी. दहा गुणांनंतर आठवून उपयोग नाही. प्रशिक्षकाने खुर्चीतून उठून पंचांशी हुज्जत घालायची नाही, त्याने खेळाडूचेच नुकसान होते.

जाता जाता. त्याच पानावर पुरुष दुहेरीतली आपली जोडी सात्विक-चिराग यांनी २०२३ मध्ये 'आशियाई सुवर्ण' जिंकले असे लिहून खाली हांगझोचे छायाचित्र लावले आहे. त्या वर्षी त्यांनी दोन सुवर्णपदके जिंकली. एप्रिलमध्ये दुबईला आशियाई अजिंक्यपद, अंतिम सामन्यात मलेशियाच्या ओंग यू सिन व तिओ ई यी यांच्यावर १६-२१, २१-१७, २१-१९ अशी मात. ऑक्टोबरमध्ये हांगझोला आशियाई क्रीडा स्पर्धा, तिथे समोर कोरियाची जोडी. दुबईचे सुवर्ण मोठे का, तर त्याआधी या अजिंक्यपदात भारताला सुवर्ण मिळाले होते ते १९६५ मध्ये, लखनौला, दिनेश खन्नांना. मधली ५८ वर्षे आपल्या छायाचित्राने गिळली. निदान चिराग मुंबईचा आहे, एवढे लक्षात घेऊन तरी नीट बघायचे!

आणि सिंधूला मनिलात 'कांस्यपदकाच्या लढतीत समाधान मानावे लागले' म्हणे. या स्पर्धेत कांस्यपदकाची लढत नसते. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळते. समाधान मानायला उरलेच काय, हे आपल्या वार्ताहरालाच ठाऊक.

शुद्धिपत्र छापणार असाल तर निदान त्यात तरी 'गुण कापला' लिहू नका.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे