तीन चाकांवरचा भार

सातारा,
१४ ऑक्टोबर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि पेटीचे फोटो मिळाले. आरटीओची सगळी सव्यापसव्ये संपून तीनचाकी मोटारसायकल एकदाची तुझ्या नावावर चढली, हे वाचून फार बरे वाटले. दिवाळीनंतर महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने कोकणात उतरायचे, दापोली-गुहागर करायचे आणि कुंभार्ली घाटाने परतायचे हा बेतही उत्तम आहे. मागच्या कॅरिअरवर ती मोठी फायबरची पेटी बसवून घ्यावी का, असे तू सरळ विचारले आहेस, म्हणून उत्तरही सरळच देतो. बसवू नकोस, निदान फोटोत दिसते त्या जागी तरी नको.

कारण सांगतो. दुचाकीवर सामान वाईट बांधले गेले तर गाडी स्टँडवरून काढतानाच ते हाताला कळते. ती एका अंगाला ओढते, चौकात थांबताना पायावर भार येतो आणि आपण तिथल्या तिथे दोऱ्या सोडून पुन्हा बांधतो. तीनचाकी मात्र स्वतःच्या चाकांवर उभी असते. तिच्यावर काय लादले, किती लादले आणि कुठे लादले याबद्दल उभी असताना ती काहीच बोलत नाही. बोलते ती थेट घाटातल्या वळणावर. शिवाय तिची मागची बाजू एवढी ऐसपैस दिसते की घरातली माणसे "हेही राहू दे" म्हणत एकेक वस्तू आणून देतात. म्हणून पेटी किती लिटरची आहे हे आधी बघू नये. सामानाचे वजन किती होणार आणि ते एक्सलपासून, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दांड्यापासून, किती अंतरावर बसणार, हे आधी ठरवावे आणि त्या मापाची पेटी किंवा पिशवी मग शोधावी.

तुझ्या गाडीला पुढे एक आणि मागे दोन चाके आहेत. वरून पाहिले तर तिन्ही चाकांचा त्रिकोण होतो आणि गाडी उलटायचीच झाली, तर पुढचे चाक व वळणाच्या बाहेरच्या बाजूचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटते. दुचाकीसारखी ती वळणात झुकत नाही, त्यामुळे गुरुत्वमध्य जितका खाली आणि त्या रेषेपासून जितका आत, तितकी ती वळणावर स्थिर राहते. त्रिकोणाची रुंद बाजू मागे असल्यामुळे ओझेही मागे असावे, इथपर्यंतचा विचार बरोबर आहे. मात्र ओझे एक्सलच्याही मागे गेले की तरफेचा हिशेब सुरू होतो. समज, पुढच्या चाकापासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर दीड मीटर आहे आणि ३० किलोची पेटी एक्सलच्या अर्धा मीटर मागे बसवली आहे. अशा वेळी पुढच्या चाकावरचा भार १० किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर ३० ऐवजी ४० किलो पडतात. सपाट रस्त्यावर हे कळणारही नाही. कुंभार्ली चढताना मात्र चढामुळे भार आधीच मागे सरकलेला असतो, त्यात हे १० किलो पुढून गेले की हँडल हलके पडते, वळणात गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ पाहते आणि पुढच्या ब्रेकची पकडही कमी होते. फोटोतल्या पेटीचा दोष एवढाच आहे. पेटी म्हणून ती चांगलीच दिसते.

जड सामानाची खरी जागा दोन्ही मागच्या चाकांच्या मध्ये, एक्सलच्या वर किंवा वितभर पुढे, आणि जमेल तितकी खाली आहे. ही काही नवी युक्ती नव्हे. हार्ले-डेव्हिडसनने १९३२ पासून १९७३ पर्यंत सर्व्हि-कार नावाची तीनचाकी बनवली. गॅरेजचा माणूस तिच्यावर बसून गिऱ्हाइकाकडे जायचा आणि त्याची मोटार गॅरेजला आणताना हीच तीनचाकी मोटारीच्या मागे अडकवायचा. तिची हत्यारांची पेटी दोन मागच्या चाकांच्या मध्येच होती. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या कॅन-अॅम स्पायडरसारख्या गाड्यांचे गणित उलटे असते. त्यांची रुंद बाजू पुढे, म्हणून त्यांना सामानाचा कप्पाही पुढे दिलेला असतो. त्या गाड्या चालवणाऱ्यांचा सल्ला तुझ्या कानावर आला तर आधी त्यांची चाके मोज आणि मग ऐक.

तेव्हा सीटच्या मागे, दोन मडगार्डांच्या मध्ये, पत्र्याची बुटकी पेटी करून घे. सांगलीत ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बनवणारे इतके कारागीर आहेत की माप दिले तर ते काम सहज होईल. तिची रुंदी मडगार्डांच्या आत राहू दे. झाकण वर उघडणारे हवे आणि त्याला रबरी पट्टी हवी. तळाला पाणी निघून जायला दोन छिद्रे असावीत. पेटी सायलेन्सरपासून लांब राहते की नाही हे इंजिन तापवून पाहा, कारण चाळीस-पन्नास किलोमीटर चालल्यावर सायलेन्सरजवळचा पत्रा आतले कपडे करपवण्याइतका तापू शकतो. पेटीच्या वर एक मऊ पिशवी आडवी बांधता येईल, पण तिच्यात हलकेच सामान असावे. भडंगाची मोठी पिशवी वर चालेल, गुळाची ढेप खाली. आकाराने मोठे आणि वजनाने हलके ते वर, हा नियम लक्षात ठेवलास तर वेगळी यादी करायची गरज पडणार नाही.

आता वजनाचे. तू मार्केट यार्डाच्या इतका जवळ राहतोस, त्याचा उपयोग करून घे. साखर कारखान्याचा भुईकाटा उसाच्या ट्रकांसाठी असतो, त्यावर आपल्या कामाचे दहा-वीस किलो नीट दिसणार नाहीत. हळदीच्या एखाद्या आडत दुकानात पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो माग. पुढचे चाक काट्यावर चढव, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेव, म्हणजे गाडी पातळीत राहील. प्रथम गाडी रिकामी आणि तू सीटवर बसलेला, असा आकडा घे. मग सगळे सामान बांधून आणि वहिनींना मागे बसवून पुन्हा घे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला, तर सामान पुढे सरकव किंवा कमी कर. आडत्याचा हमाल हसेल, हसू दे. गाडीने एकूण किती भार घ्यावा हे जिथे छापलेले असेल ते पाहा आणि त्यातून गाडीचे वजन, तुझे, वहिनींचे आणि पेट्रोलचे वजन वजा कर. उरेल तेवढेच सामान, आणि ते वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते.

मऊ पिशव्या की कडक पेट्या, या वादात मी पडणार नाही. मला मऊ पिशव्या आवडतात, कारण त्या रिकाम्या झाल्या की घडी होतात आणि लॉजच्या जिन्यावरून एका हाताने नेता येतात. कुलूप मात्र कडक पेटीलाच नीट लागते. म्हणून मौल्यवान आणि जड ते पेटीत, कपडे पिशवीत. पिशवी तोंड गुंडाळून बंद होणारी घे आणि ते तोंड किमान तीन वेळा गुंडाळल्याशिवाय बकल लावू नकोस, नाहीतर पाणी आत जाते. तीनचाकीत पाणी फक्त वरूनच येत नाही. पुढच्या चाकाचे पाणी पोटाखालून मध्यभागी उडते आणि मागची दोन्ही चाके आपापल्या बाजूने चिखल उडवतात. मडगार्डला खाली रबरी फडके लावून घे. बांधायला बकलाचे नायलॉनचे पट्टे वापर. हुकाचे रबरी दोर मला मुळीच पसंत नाहीत. खड्ड्यात सामान उसळले की ते ताणले जातात, पुन्हा खाली येताना ढिले पडतात, आणि सोडताना हूक निसटला तर थेट डोळ्याकडे येतो. पट्ट्याचे उरलेले टोक गुंडाळून गाठ मार. ते चाकात किंवा चेनमध्ये गेले तर काय होते ते तुला सांगायला नको.

तुझ्या पायामुळे एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी करावी लागेल, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जे जे वाटेत लागणार, ते सीटवर बसून किंवा गाडीला टेकून उभे राहून हाताला आले पाहिजे. कुबडीसाठी चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा गाडीच्या उजव्या अंगाला, मडगार्डच्या वर, क्लँपने पक्का कर. खालचे टोक टोपी लावून बंद कर आणि त्या टोपीला छिद्र पाड. वरून कुबडी सरकवायची आणि वेल्क्रोची पट्टी लावायची, एवढे पुरते. ती सामानाच्या गठ्ठ्यात बांधलीस तर पंक्चर झालेल्या ठिकाणी तुला उतरताच येणार नाही. औषधे, गाडीची कागदपत्रे, पाण्याची बाटली, टॉर्च आणि मोबाइलची बॅटरी टाकीवरच्या लहान पिशवीत ठेव. औषधे गाडी उन्हात उभी असताना तिथे सोडून जाऊ नकोस. रेनकोट पेटीत सर्वांत वर. दिवाळीनंतर पाऊस बहुधा नसेल, पण महाबळेश्वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे गाव आहे, आणि रेनकोट पहाटेच्या थंड वाऱ्यालाही अडवतो.

चाकांबद्दल थोडे. तुझी मागची चाके जुन्या ऑल्टोसारखी बारा इंची आहेत, हे भाग्य समज. त्या मापाचे टायर कराडपासून चिपळूणपर्यंत कुठेही मिळतील, म्हणून आख्खे जादा चाक वाहून नेण्याचा आग्रह धरू नकोस. ट्यूबलेसच्या पट्ट्या, टोचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप, व्हील पाना आणि पुढच्या चाकाची एक ट्यूब एवढे पुरे. जॅक मात्र हवाच, कारण या गाडीला मधला स्टँड नाही. या सगळ्या वस्तू जड आहेत, म्हणून त्या पेटीच्या तळाशी जातील. पण त्या काढायला कपड्यांचा ढीग रस्त्यावर मांडावा लागणार नाही, अशा बाजूला त्या असाव्यात. लाकडाच्या दोन उट्याही घे. हँडब्रेक ओढला आणि गिअर टाकला तरी भरलेली गाडी घाटात उभी करताना चाकाला उटी लावायची, हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मी आयुष्यभर पाहिले आहे. हवेचा दाब गाडी थंड असताना आणि सामान भरल्यानंतर बघ. दोन्ही मागच्या चाकांत तो सारखा असला पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढत राहील आणि तू सामानाला दोष देत बसशील.

तुम्ही निघाल तेव्हा गाळप हंगाम सुरू झालेला असेल. आष्टा, पेठ नाका, कराड या सगळ्या वाटेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतील आणि त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. तुझ्या मागचे दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट सामानाने झाकली जाणार नाहीत हे रात्री गाडी सुरू करून, वीस पावले मागे उभे राहून पाहा. वहिनींनी पाहिले तर अधिक चांगले. पिशवीच्या मागच्या अंगाला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटव. तरीही अंधारात प्रवास करूच नका.

आंबेनळीच्या उताराला भार पुढे येतो, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे. तिथे वळणात ब्रेक दाबला तर आतले मागचे चाक उचलले जाऊ शकते. वेग वळणाआधीच, खालच्या गिअरमध्ये कमी कर. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवताना रॅम्पवर पेटीचा मागचा कोपरा घासतो का, हे तू बसवलेल्या पेटीच्या उंचीवर अवलंबून आहे. म्हणून कारागिराला पेटी मागच्या बाजूला खाली लोंबू देऊ नकोस असे आत्ताच सांग. खड्डे चुकवताना एक ध्यानात ठेव की तुझी तीन चाके तीन वेगवेगळ्या रेघांवरून चालतात. मधून गेलेला खड्डा पुढचे चाक घेईल आणि कडेचा मागचे घेईल, म्हणून पेटीत अंडी किंवा काचेची बरणी नको, वहिनींचे लोणचे असले तरीही.

कपड्यांबाबत मी काही लिहीत नाही. मला त्यातले कळत नाही आणि तुमच्या घरी माझे कोणी ऐकणारही नाही. फक्त दोघांची पिशवी एकच असू दे, म्हणजे बांधणे-सोडणे एकदाच होते.

कारागिराकडून पेटीचे माप आले की मला कळव. काट्यावरचे दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाठव, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा, म्हणजे कुंभार्लीने परतायचे की चिपळूणहून दुसरी वाट धरायची ते ठरवता येईल. साताऱ्यात मुक्काम माझ्याकडेच करायचा आहे. गाडी अंगणात आत येईल एवढे फाटक रुंद आहे, मी मोजले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा